उसाच्या फडातली जखम आणि पाणी न घालता ओतलेले जंतुनाशक: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांची ऊसतोड कामगार. मराठवाड्यातून नवऱ्यासोबत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या पट्ट्यात आलेली, मुक्काम कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत. मजुरीच्या हिशेबात दोघे मिळून एक ‘कोयता’, उचल (आगाऊ रक्कम) हंगामाआधीच घेतलेली, आणि कामावर एक दिवस न जाणे म्हणजे खाडा, त्याचे पैसे कापले जातात. केसपेपरवर हे कोणी लिहीत नाही. पण या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक उशीर याच हिशेबातून आला, म्हणून त्याची नोंद इथे सुरुवातीलाच केली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डिसेंबरमधल्या एका सकाळी बुडख्यालगत ऊस तोडताना कोयता निसटला आणि डाव्या पायावर, घोट्याच्या चार बोटे वर, बाहेरच्या बाजूला बसला. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने घाव घालायचा, त्यामुळे डावा पाय नेहमीच कोयत्याच्या वाटेत असतो. जखम ६ सेंमी लांब होती आणि चरबीचा थर कापून स्नायूच्या आवरणापर्यंत गेली होती.

फडात पाणी होते ते पिण्यापुरते, एका कॅनमध्ये. जखम धुतली गेली नाही. चुरलेली तंबाखू, वर हळद आणि त्यावर लुगड्याची घट्ट पट्टी, एवढा उपचार झाला. रक्त थांबले ते पट्टीच्या दाबाने, पण श्रेय मिळाले तंबाखूला. संध्याकाळी टोळीतल्या कोणीतरी घरगुती जंतुनाशकाची बाटली आणली. पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे हे औषध बहुतेक घरांत असते. त्यात ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल असते आणि जखमेसाठी ते साधारण २० पट पातळ करायचे असते. इथे ते पाणी न घालता जखमेवर ओतले गेले, त्यातच फडके भिजवून ते बांधले गेले, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चालू राहिले. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून अँटिबायोटिक पावडर आली, तीही जखमेत भरली. सोबत चार गोळ्या होत्या, पण त्यांचे पाकीट कोणाकडे नव्हते.

चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पाय टेकवेना, तेव्हा तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले.

समस्या

ताप ३८.३ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला ९८, रक्तदाब व्यवस्थित, रक्तातली साखर नॉर्मल. डाव्या जांघेत दुखरी गाठ. पायाची बोटे आणि पाऊल वर उचलता येत होते, पावलाला स्पर्श कळत होता, पावलावरची नाडी लागत होती. म्हणजे कंडरा, मज्जातंतू आणि मोठी रक्तवाहिनी शाबूत होती. ही तपासणी भूल देण्याआधीच करावी लागते, कारण भूल दिल्यावर स्पर्शाची परीक्षा घेता येत नाही.

जखमेवर पिवळट पांढऱ्या पावडरीची कडक खपली होती. कडेला दाबले की तिच्याखालून पू येत होता. भोवती दोन प्रकारचा लालपणा होता आणि प्रकरणातला पहिला खरा पेच तोच ठरला. एक लाली फडक्याच्या घडीइतकी, चौकोनी, कडा अगदी स्पष्ट. तिथली त्वचा सोललेली आणि दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड. दुसरी लाली जखमेपासून वर पोटरीकडे ३ सेंमी पसरलेली, कडा अस्पष्ट, हाताला गरम, दाबल्यावर दुखणारी. पहिली रासायनिक भाजणूक होती, दुसरी पसरत चाललेली जंतुबाधा.

हा भेद का महत्त्वाचा? सगळेच भाजणे समजले तर अँटिबायोटिक सुरू होत नाही. सगळीच जंतुबाधा समजली तर आणखी कडक जंतुनाशक वापरले जाते आणि भाजलेली त्वचा पुन्हा भाजते. शिवाय फोड हे मांस झपाट्याने कुजवणाऱ्या गंभीर जंतुबाधेचेही लक्षण असू शकते, त्यामुळे ती शक्यता नाकारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. फोड फक्त फडक्याच्या आकारात होते आणि त्यांतले पाणी स्वच्छ होते. त्वचा कुठे काळी-जांभळी पडलेली नव्हती. बोटाने दाबल्यावर त्वचेखाली हवा चरचरत नव्हती, आणि वेदना दिसणाऱ्या जखमेच्या मानाने अवाजवी नव्हती. तरीही पसरलेल्या लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहिली गेली. त्या रेघेला दीड रुपयाही लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिच्याइतके खात्रीने दुसरे काहीच सांगत नाही.

पर्याय आणि त्यांचा विचार

पहिला पर्याय होता थेट जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा. नाडी १२० च्या वर, रक्तदाब उतरलेला, रुग्ण गोंधळलेली किंवा लाली तासातासाला वाढणारी, यांपैकी काहीही असते तर हाच एकमेव पर्याय होता. इथे तसे काही नव्हते. दुसरी बाजूही होती: तिकडे पाठवले असते तर ती बहुधा गेलीच नसती आणि कोपीवर परत जाऊन तेच फडके बांधले असते. २४ तास केंद्रातच ठेवायचे आणि रेघ ओलांडली गेली तर लगेच पाठवायचे, असे ठरले.

टाके घालण्याची मागणी नवऱ्याकडून आली. ‘शिवून टाका, लवकर बुजंल,’ हा त्याचा आग्रह समजण्यासारखा होता, पण पू असलेली जखम शिवणे म्हणजे पू आत कोंडणे. चार दिवसांच्या, मातीत माखलेल्या आणि पू झालेल्या जखमेला टाके घालायचे नाहीत, याबद्दल दुमत नव्हते.

जंतुनाशक कोणते, यावर मात्र मतभेद झाले. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि पू दिसला की ते ओतायची जुनी सवय आहे. फेस येतो, घाण वर येते, साफ झाल्यासारखे वाटते. तो फेस मुख्यतः आपल्याच रक्तातले आणि पेशींतले एक विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते म्हणून येतो. म्हणजे जंतूंवर काम होण्याआधीच औषध बऱ्याच अंशी संपलेले असते, आणि नव्याने येणाऱ्या पेशींना मात्र इजा होते. अरुंद तोंडाच्या खोल जखमेत तो वायू रक्तात शिरण्याचा धोकाही असतो. बाजारात मिळणारी ‘२० व्हॉल्यूम’ची बाटली ६ टक्क्यांची असते, हेही अनेकदा लक्षात घेतले जात नाही. पेरॉक्साइड बाजूला ठेवले.

क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइडचे मिश्रण केंद्रात होते, पण ते हातांसाठी आणि उपकरणांसाठी. ज्या त्वचेला आधीच एका जंतुनाशकाने भाजले आहे तिच्यावर साबणासारखे वागणारे दुसरे रसायन नको, असे ठरले.

उरले पोव्हिडोन आयोडीन. १० टक्क्यांच्या द्रावणात कामाचे आयोडीन १ टक्काच असते, बाकीचे पोव्हिडोनशी बांधलेले असते. पाणी घालून पातळ केले की बंध सैल होतात आणि मोकळे आयोडीन, म्हणजे प्रत्यक्ष जंतू मारणारा भाग, एका मर्यादेपर्यंत वाढते. सर्वात जास्त मोकळे आयोडीन १०० पट पातळ द्रावणात, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास मिळते. ‘कडक तेवढे चांगले’ हा समज या औषधाच्या बाबतीत अक्षरशः उलटा आहे. फार पातळ द्रावणात मात्र साठा कमी असतो आणि पू-रक्त तो चटकन संपवते. म्हणून पू असलेल्या जखमेसाठी मधला मार्ग घेतला: १० टक्क्यांचे द्रावण १० पट पातळ, म्हणजे १ टक्का. ती गरोदर नाही, अंगावर पाजत नाही, थायरॉइडचा आजार नाही आणि आयोडीनने पूर्वी कधी पुरळ उठलेले नाही, हे विचारून घेतले. थायरॉइडच्या आजारात, गरोदरपणात आणि तान्ह्या बाळांत आयोडीन जपून वापरावे लागते.

केलेली कृती

जंतुनाशकाची बाटली उघडण्याआधी जवळजवळ पाऊण तास फक्त धुण्यात गेला. या प्रकरणातला सर्वात उपयोगी उपचार तोच होता.

आधी वेदनाशामक गोळी. मग सलाइनमध्ये भिजवलेले गॉज खपलीवर १० मिनिटे, म्हणजे खपली ओढावी लागत नाही, आपोआप सुटते. नंतर भूल. केंद्रात लिग्नोकेन २ टक्क्यांचे मिळते. सलाइन घालून ते १ टक्का केले. वजन ४२ किलो, किलोला ३ मिलिग्रॅम या हिशेबाने कमाल १२६ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचे १२ मिली. १० मिली पुरले. पू असलेल्या ऊतीत आम्लता वाढलेली असल्याने भूल नीट चढत नाही, म्हणून ती जखमेच्या आतून न देता बाहेरच्या निरोगी कडेने दिली आणि पाच मिनिटे थांबले.

खपली निघाल्यावर पाय नळाखाली धरला. पिण्यायोग्य नळाचे पाणी जखम धुण्यासाठी सलाइनइतकेच चालते, याला भक्कम आधार आहे. नंतर २० मिलीची सिरिंज, तिला १८ गेजच्या कॅन्युलाची सुई काढलेली प्लास्टिकची नळी लावून सलाइनचा फवारा. जखमेच्या दर सेंटिमीटरला ५० ते १०० मिली असा ठोकताळा असतो. ६ सेंमीला ५०० मिलीची पूर्ण बाटली वापरली. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वरून धार सोडली तर दाब पुरत नाही आणि चिकटलेली घाण तशीच राहते. फवारा उलट अंगावर उडतो, म्हणून चष्मा आणि मास्क हवाच.

धुता धुता जखमेच्या खालच्या कोपऱ्यातल्या कप्प्यातून पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानाचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला. चार दिवस वरून काहीही ओतले असते तरी तो तुकडा आत असेपर्यंत पू थांबला नसता. पाचट, काटा, लाकूड एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे ते नजरेने आणि चिमट्यानेच शोधावे लागते. मेलेली पिवळी ऊती कात्रीने काढली, लाल आणि रक्त येणारी ठेवली.

मग १ टक्का आयोडीनचे ओले गॉज ५ मिनिटे. गॉजचा तपकिरी रंग दोन मिनिटांतच फिका पडला, म्हणजे आयोडीन संपले, म्हणून गॉज बदलले. रंग उडणे हा या औषधाचा मोठा गुण आहे: संपल्याचे ते स्वतः सांगते. शेवटी त्याच द्रावणाचे पिळलेले गॉज जखमेत सैल ठेवले, कोंबले नाही. भाजलेल्या त्वचेवर कोणतेही जंतुनाशक लावले नाही. तिथे पॅराफिन गॉज (न चिकटणारे मेणकट गॉज), वर कोरडे गॉज आणि बँडेज.

ड्रेसिंग चालू असताना तिने विचारले, “सिस्टर, आग व्हायलीय म्हंजी जंतू मरायलेत ना?”

“आग जंतूंना होत नाही, ताई. ती तुमच्या मासाला होते. या औषधानं फार आग झाली तर लगेच सांगा.”

तिने तीन दिवस निमूट सोसले ते याच समजापायी. कडक रसायन वरच्या थरातली प्रथिने गोठवते आणि मेलेल्या ऊतीचा एक पापुद्रा तयार होतो. जंतू त्याच्याखाली सुरक्षित राहतात. मरतात त्या जखम भरून काढणाऱ्या पेशी. फडके घट्ट बांधून औषध कोंडले की हे सगळे दुपटीने होते. ही अडचण जंतुनाशकांइतकीच जुनी आहे. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले. जखम पिकली नाही, पण कडेची त्वचा दुखावली, आणि त्यांना औषध पातळ करावे लागले.

ताप होता आणि लाली पसरत होती, म्हणून पोटातून अँटिबायोटिक आवश्यकच होते. वरून लावलेले जंतुनाशक पसरलेल्या जंतुबाधेपर्यंत पोहोचत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्याची खात्री करून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस.

धनुर्वातासाठी वेगळा विचार करावा लागला. गरोदरपणात इंजेक्शने घेतल्याचे तिला आठवत होते, पण किती ते नाही, कार्ड गावी. मातीने माखलेली जखम आणि तीन मात्रांची खात्री नाही, अशा वेळी लसीसोबत तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात. टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) एका दंडात आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ती प्रतिपिंडे, दुसऱ्या जागी दिले. इम्युनोग्लोब्युलिनची नेहमीची मात्रा २५० युनिट. २४ तासांहून जास्त वेळ गेलेला आणि जखम फार घाण म्हणून ५०० युनिट. ते ग्रामीण रुग्णालयातून मागवायला चार तास लागले.

पुढचे दिवस आणि दुसरा पेच

२४ तासांनी लाली रेघेच्या आत होती. ४८ तासांनी ताप नव्हता आणि लाली एक सेंटिमीटरने मागे सरली होती. तिला कोपीवर जायचेच होते. मुकादमाशी आरोग्य सेविकेने बोलणे केले: आठ दिवस फडात न्यायचे नाही, बदल्यात ड्रेसिंगला रोजची फेरी पडणार नाही, सेविका एक दिवसाआड कोप्यांवर येईल. मधल्या दिवशी नवऱ्याने बांधायचे. त्याला हात धुण्यापासून सगळे करून दाखवले आणि त्याच्याकडून एकदा करवून घेतले.

पहिल्याच फेरीला सेविकेला कोपीत पाण्याच्या बाटलीत फिकट पिवळे द्रावण दिसले. रोज कोण कालवत बसणार, म्हणून नवऱ्याने एकदाच लिटरभर बनवून ठेवले होते. पातळ केलेले आयोडीन उन्हात आणि उघड्यावर टिकत नाही. शिवाय कोणतेही पातळ केलेले जंतुनाशक साठवले की त्यात स्यूडोमोनाससारखे पाण्यातले जंतू वाढू शकतात, आणि मग जखमेवर औषधाच्या नावाने जंतूच ओतले जातात. बाटली ओतून टाकली. पुढे औषधाच्या बाटलीचे एक झाकण औषध आणि तशीच नऊ झाकणे उकळून गार केलेले पाणी, वाटीत, वापरण्याच्या वेळी, असे माप दिले. मिलीपेक्षा झाकणाचे माप त्याला सोपे गेले.

सातव्या दिवशी जखमेचा तळ गुलाबी, दाणेदार, पू नाही, वास नाही. इथे जंतुनाशक थांबवायचे ठरले. केंद्रातच याला विरोध होता. ‘जखम कोरडी होईपर्यंत लावू द्या’ हा तो नेहमीचा सूर. पण ज्या जखमेत मारण्यासारखे फारसे उरले नाही तिथे जंतुनाशक फक्त नव्या पेशींना त्रास देते, आणि जखम कोरडी करणे हे ध्येयच नाही. किंचित ओली जखम लवकर भरते. त्यानंतर मिठाच्या पाण्याने, म्हणजे एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, धुणे आणि पॅराफिन गॉज.

याच दिवशी उशिराने टाके घालण्याचाही विचार झाला. स्वच्छ झालेली जखम चौथ्या-पाचव्या दिवशी शिवता येते. इथे कडेची त्वचा भाजलेली होती, टाका धरला नसता. जखम तळातून वर भरू दिली.

परिणाम

जखम पूर्ण भरायला सहा आठवडे लागले. ती बाराव्या दिवशी फडात परतली, बँडेजवर प्लास्टिक बांधून. सांगितलेले आठ दिवस पाळले गेले, त्याहून जास्त शक्य नव्हते. व्रण जाड नाही, पण भाजलेल्या चौकोनात त्वचा पांढुरकी राहिली. घोट्याची हालचाल पूर्ण आहे. धनुर्वाताची लस मध्ये किमान चार आठवडे ठेवून दुसऱ्यांदा दिली; तिसरी सहा महिन्यांनंतर असते आणि तोवर हंगाम संपून ती गावी गेलेली असेल. म्हणून तारखा लिहिलेले कार्ड तिच्याजवळ दिले.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या तासात दोन-तीन लिटर पिण्याचे पाणी आणि अंगाचा साबण मिळाला असता तर पाचट बहुधा तेव्हाच निघाले असते. त्यानंतर स्वच्छ कापडाने १० मिनिटे न उघडता दाब, आणि सहा तासांच्या आत केंद्र. तेव्हा टाके घालणेही कदाचित शक्य झाले असते. घरगुती जंतुनाशक वापरायचेच तर धुतल्यानंतर, २० भागांत १ भाग औषध, एकदा, आणि फडके त्यात भिजवून बांधायचे नाही.

केंद्राच्या बाजूनेही दोन गोष्टी राहिल्या. जखम साफ केल्यानंतर तळातल्या ऊतीवरून स्वॅब, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायचा नमुना, घ्यायला हवा होता. तपासणी केंद्रात होत नाही, म्हणून तो टाळला. ४८ तासांत ताप उतरला नसता तर पुढचे अँटिबायोटिक अंदाजाने निवडावे लागले असते. आणि द्रावण कसे बनवायचे हे नवऱ्याला दाखवले, पण साठवायचे नाही हे सांगितले नाही. साठवण्याचा प्रश्न कोणाच्याही मनात येणारच होता.

या प्रकरणानंतर त्या भागातल्या टोळ्यांना द्यायच्या पेटीत बदल झाला. अँटिबायोटिक पावडर आणि कापूस काढला. कापसाचे तंतू जखमेत राहतात. आता पेटीत साबणाची वडी, गॉजची बंद पाकिटे, रुंद बँडेज, १०० मिलीची पोव्हिडोन आयोडीनची बाटली आणि ५ लिटरचा स्वतंत्र कॅन असतो. कॅनवर ‘फक्त जखमेसाठी’ असे लिहिलेले आहे आणि तो रोज सकाळी भरायची जबाबदारी मुकादमाची आहे. बाटलीवर एक भरलेले आणि नऊ रिकामी झाकणे काढलेली चिठ्ठी चिकटवली आहे, आणि बाटली उघडल्याची तारीख लिहायला जागा ठेवली आहे.